मूल उठलं तरी लेखाचा धागा तुटू नये म्हणून

सलग चार तास मिळाले की लिहीन, असं मी पहिलं वर्षभर म्हणत राहिले. ते चार तास कधी आलेच नाहीत. आता मुलगी तीन वर्षांची आहे, मुलगा आठ वर्षांचा, आणि मी घरूनच लेख, भाषांतरं आणि संपादनाची कामं करते. वेळ कमी पडतो हे खरंच. पण त्याहून जास्त वेळ जातो तो सुटलेलं काम पुन्हा हातात घेण्यात. हाक येते, वीस मिनिटांनी परत यावं तर समोरचा परिच्छेद परक्या माणसाने लिहिल्यासारखा वाटतो. वरपासून वाचून धागा सापडेपर्यंत पुन्हा हाक.

म्हणून उठताना वाक्य पुरं करायची धडपड मी सोडली. वाक्य अर्धंच ठेवते आणि खाली फुली मारून पुढे काय येणार ते लिहिते: ‘× इथे आजीचा प्रसंग, मग आकडे, नंतर पहिल्या ओळीकडे परत.’ बास, एवढंच. हात मोकळे नसतील तर फोनवर बोलून नोंदवते. परत आल्यावर वरचं काही वाचायचं नाही, थेट फुलीपासून सुरुवात. ही एक सवय लागली तरी तुमचा बराच वेळ वाचेल.

कामाचे ढीगही वेगळे करा. पहिला मसुदा मी पहाटे ५ ते सव्वासहा एवढाच लिहिते, कारण तेव्हा कुणी हाक मारत नाही. संदर्भ तपासणं, बिलं, मेल, मुद्रितशोधन ही कामं मुलं शेजारी खेळत असतानाही होतात. मूल पाण्यात असेल तेव्हा मात्र कुठलंच काम नाही, फोनसुद्धा दुसऱ्या खोलीत. लहान बाळाच्या झोपेचं एक चक्र साधारण ५० मिनिटांचं असतं आणि ते संपता संपता बाळ चाळवतं, तेव्हा त्या झोपेत अर्ध्या तासाचंच काम बसवा. आणि ते कुठलं, हे आदल्या रात्रीच ठरवून ठेवा.

कामाचा आकारही दिवसांना साजेसा हवा. २०१३ साली साहित्याचं नोबेल मिळालेल्या कॅनडाच्या ॲलिस मन्रो मुली लहान असताना कथा लिहीत राहिल्या, कारण कादंबरीला लागतो तसा सलग वेळ त्यांच्याकडे नव्हता. आपणही आज छोटा लेख घ्यावा, यात काहीच कमीपणा नाही.

तारीख देण्याच्या बाबतीत मी चांगलीच पोळले आहे. मुलगी दीड वर्षाची असताना १,२०० शब्दांचा एक लेख शुक्रवारी देते म्हणून कबूल केलं. सगळा हिशेब तिच्या दुपारच्या झोपेवर होता. बुधवारी तिला ताप आला आणि त्यानंतरच्या दोन रात्री ती माझ्या खांद्यावरून उतरली नाही. शुक्रवारी मध्यरात्रीनंतर लेख पाठवला, आणि सकाळी पाहते तर जुना मसुदा गेलेला, दोन परिच्छेद त्यात दोनदा. चूक सर्वस्वी माझी होती.

तेव्हापासून दोन आठवडे घड्याळ लावून स्वतःचा वेग मोजला. कच्चा मसुदा तासाला साधारण ३५० शब्द आणि पुनर्लेखनाला तेवढाच वेळ. म्हणजे १,२०० शब्दांना सात तास, माझ्या सहा पहाटा. मी दहा दिवस मागते. मूल आजारी पडलं तर पहिल्याच दिवशी कळवते: ‘मुलीला ताप आहे, लेख सोमवारी सकाळी १० पर्यंत दिला तर चालेल का?’ वेळेत विचारलं की बहुतेक संपादक समजून घेतात. आणि फाइलच्या नावात आधी तारीख, मग बाकीचं.

नवऱ्याला ‘जरा मदत कर’ म्हणून काही होत नाही. ‘साडेसात ते नऊ मुलं तुझ्याकडे’ असं सांगा आणि मग मधे पडू नका. फ्रॉक उलटा घातला तर उलटा राहू दे.

सासूबाई आधी म्हणायच्या, “अगं, घरीच तर असतेस.” एका दुपारी मी त्यांना अर्धा झालेला मसुदा वाचून दाखवला. त्यांनी डोळे मिटून ऐकला आणि म्हणाल्या, “इथे ‘दुःख’ नको गं, ‘हुरहूर’ म्हण.” तो शब्द तसाच छापून आला. आता मुलगा दाराशी आला की त्याच म्हणतात, “थांब रे, आई लिहितेय.”

तीन वर्षांच्या मुलीला ‘अर्ध्या तासाने’ कळत नाही, पण वाळूचं घड्याळ कळतं. वाळू संपली की मी उठतेच, वाक्य कुठेही असो. दोनदा उठले नाही, तर पुढे आठवडाभर तिचा त्या घड्याळावर विश्वास नव्हता.

राहिले पैसे. होकार देण्याआधी शब्दसंख्या, तारीख, मानधन, ते कधी मिळणार आणि किती वेळा बदल करून द्यायचे, हे लेखी घ्या. मी दोनदा बदल करून देते, तिसऱ्या वेळेचे पैसे वेगळे. एका वहीत प्रत्येक कामाची एक ओळ ठेवा: कधी पाठवलं, बिल कधी दिलं, पैसे कधी आले. शेवटचा रकाना रिकामा दिसला की त्याच दिवशी फोन करा.