‘परमिशन डिनाइड’: नेमके कोणाला नाकारले?

वेबसाइटवर काम करताना पडद्यावर ‘परमिशन डिनाइड’ असे उमटले की अनेकांचा हात प्रथम संपूर्ण फोल्डराला ७७७ परवानगी देण्याकडे जातो. (या तीन आकड्यांत क्रमाने मालक, गट आणि इतर सर्व यांचे अधिकार असतात, वाचणे ४, लिहिणे २ आणि चालवणे १ यांची बेरीज करून. ७७७ म्हणजे सर्वांना सर्व काही.) त्याने चूक बहुतेक वेळा दिसेनाशी होते, परंतु त्याच क्षणी सर्व्हरवरील प्रत्येक खात्याला तुमच्या फायली बदलण्याची मुभा मिळते आणि मूळ कारण तसेच राहते. म्हणून आधी हे शोधावे की कोणत्या खात्याला, कोणत्या फायलीसाठी आणि वाटेतल्या कोणत्या फोल्डरापाशी नकार मिळाला. पुढील विवेचन उबंटू (लिनक्स प्रणाली), एनजिनएक्स (पाने पुरवणारा वेब सर्व्हर) आणि पीएचपी (वेबसाइटची प्रोग्रामिंग भाषा) या नेहमीच्या जोडणीला धरून आहे. आज्ञा येथे देवनागरीत लिहिल्या असल्या, तरी टर्मिनलवर त्या रोमन लिपीतच टाइप कराव्यात.

सुरुवात खात्यापासून करावी. तुम्ही ज्या खात्याने लॉगिन करता त्याचा क्रमांक उबंटूवर सहसा १००० असतो, तर वेब सर्व्हर ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ या क्रमांक ३३ च्या खात्याने चालतो. टर्मिनलवर आलेली चूक तुमच्या खात्याची असते आणि ब्राउझरमध्ये आलेली चूक वेब सर्व्हरच्या खात्याची. हा भेद लक्षात न घेतल्यामुळे ‘मला तर फाइल व्यवस्थित उघडता येते’ असा गोंधळ होतो. ‘पीएस ऑक्स’ या आज्ञेने चालू प्रक्रिया पाहाव्यात. एनजिनएक्सची मुख्य प्रक्रिया रूट या सर्वाधिकारी खात्याची दिसते, परंतु मागणी हाताळणाऱ्या वर्कर प्रक्रिया कोणाच्या आहेत तेच महत्त्वाचे. पीएचपीचा कोड चालवणाऱ्या पीएचपी-एफपीएम या सेवेचे खाते तिच्या पूलच्या (प्रक्रियांच्या गटाच्या) सेटिंग फायलीत वेगळे नेमलेले असू शकते, म्हणून तेही पाहावे.

त्यानंतर एनजिनएक्सचा एरर लॉग, म्हणजे चुकांची नोंदवही, उघडावा. ब्राउझरमधील ४०३ हा नकाराचा आकडा एकटा पुरेसा नसतो. लॉगमध्ये ‘१३: परमिशन डिनाइड’ असेल तर अडचण खरोखर परवानगीची आहे, ‘डिरेक्टरी इंडेक्स इज फॉरबिडन’ असेल तर त्या फोल्डरात इंडेक्स फाइलच (फोल्डर उघडताच दाखवायचे पान) सापडलेली नाही, आणि तेथे परवानग्या कितीही बदलल्या तरी काही साधत नाही.

लॉगमध्ये फायलीचा पूर्ण मार्ग मिळतो, आणि बहुतेकांची चूक येथेच होते: ते फक्त शेवटची फाइल तपासतात. फाइल वाचायची तर मार्गावरील प्रत्येक फोल्डरातून आत जाता आले पाहिजे, आणि तो अधिकार ‘एक्स’ या अक्षराने दर्शवला जातो. फायलीवर त्याचा अर्थ ‘चालवणे’ असा असला, तरी फोल्डरावर ‘आतून पुढे जाणे’ असा होतो. उबंटू २१.०४ पासून नव्या वापरकर्त्याचे होम फोल्डर ७५० परवानगीने तयार होते, त्यामुळे होममध्ये ठेवलेल्या प्रकल्पातील फायली ६४४ असल्या तरी वेब सर्व्हर उंबरठ्यावरच अडतो. ‘नेमआय -एल’ या आज्ञेपुढे पूर्ण मार्ग दिल्यास प्रत्येक पायरीचा मालक, गट आणि परवानगी एकाखाली एक दिसते. मला ही आज्ञा या सगळ्या तपासात सर्वांत उपयोगी वाटते. निदानाची खात्री करायची असल्यास ‘सुडो -यू’ वापरून वेब सर्व्हरच्या खात्यानेच ती फाइल वाचून पाहावी. उपाय म्हणून प्रकल्प होमबाहेर, वेबसाठी राखलेल्या फोल्डरात हलवणे उत्तम. ते शक्य नसेल तर एकेका खात्याला वेगळी परवानगी देणाऱ्या ‘सेटएफएसीएल’ या आज्ञेने केवळ वेब सर्व्हरच्या खात्याला होमवर ‘एक्स’ द्यावा, म्हणजे इतरांसाठी दार उघडे राहत नाही.

लिहिण्याच्या परवानगीचा प्रश्न याहून किचकट असतो. कोडच्या फायलींचे मालक तुम्ही असावे, फोल्डर ७५५ आणि फायली ६४४ असाव्यात. वेब सर्व्हरला लिहिण्याचा अधिकार फक्त लागेल तेथेच असावा, जसे लाराव्हेल या पीएचपी फ्रेमवर्कमध्ये ‘स्टोरेज’ व ‘बूटस्ट्रॅप/कॅश’ आणि वर्डप्रेसमध्ये ‘अपलोड्स’. अशा फोल्डरांचा गट डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा करून त्यांना २७७५ द्यावे. सुरुवातीच्या २ मुळे आत तयार होणाऱ्या नव्या फायलींना तोच गट मिळतो, मात्र गटाला लिहिण्याचा अधिकार मिळेलच असे नाही, कारण तो ‘यूमास्क’वर, म्हणजे नव्या फायलींतून कोणते अधिकार वजा करायचे या सेटिंगवर, ठरतो. नेहमीच्या ०२२ ऐवजी हा यूमास्क ००२ करावा लागतो. स्वतःला त्या गटात घातल्यावर बाहेर पडून पुन्हा लॉगिन केल्याशिवाय बदल लागू होत नाही, हेही विसरू नये.

काल चाललेले आज अचानक बंद पडले असेल, तर कोणीतरी मध्येच ‘सुडो’ लावून, म्हणजे रूटच्या अधिकाराने, कंपोझर, एनपीएम किंवा आर्टिझन ही प्रकल्पाची साधने चालवली असण्याचा संशय घ्यावा. त्यातून रूटच्या मालकीच्या फायली मागे राहतात. ‘फाइंड’ आज्ञेला ‘-यूजर रूट’ हा पर्याय देऊन त्या शोधाव्यात आणि त्यांची मालकी ‘सीएच-ओन’ने परत आपल्याकडे घ्यावी.

प्रोग्राम वेगळ्या कंटेनरमध्ये चालवणाऱ्या डॉकरमध्ये खात्याचे नाव नव्हे, क्रमांक पाहिला जातो. डेबियनवर आधारित इमेजमध्ये (कंटेनरच्या तयार साच्यात) डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाचा क्रमांक ३३ असतो, अल्पाइन या छोट्या लिनक्सच्या इमेजमध्ये तो ८२ असतो. त्यामुळे इमेज बदलताच, यजमान संगणकावरून जोडलेल्या त्याच फोल्डरात लिहिणे थांबू शकते. रेड हॅट, रॉकी किंवा फेडोरा या लिनक्स प्रणालींवर सगळे आकडे बरोबर असूनही नकार येत असेल, तर ‘एलएस -झेड’ने एसईलिनक्स या जादा सुरक्षा व्यवस्थेचे फायलीवरील लेबल पाहावे. होममधून ‘एमव्ही’ने हलवलेल्या फायली जुने लेबल सोबत घेऊन येतात, ‘रिस्टोरकॉन’ ते दुरुस्त करते. एसईलिनक्स बंद करणे हा उपाय नव्हे.

कोणी आधीच ७७७ देऊन ठेवले असेल, तर ते मागे घेणे हे दुरुस्तीचेच काम आहे. होम फोल्डरावर ते दिले गेले असेल तर एसएसएच (सर्व्हरवर दुरून लॉगिन करण्याची सेवा) तुमची लॉगिनची किल्ली नाकारू लागते, कारण इतरांना लिहिता येणाऱ्या होमवर ते विश्वास ठेवत नाही. म्हणून चालू सत्र बंद करण्यापूर्वीच होम ७५०, ‘.एसएसएच’ फोल्डर ७०० आणि त्यातील ‘ऑथराइज्ड_कीज’ फाइल व खाजगी किल्ली असल्यास तीही ६०० करावी. मग प्रकल्पात ‘फाइंड’ला ‘-पर्म -०००२’ देऊन सर्वांना लिहिता येणारे जे जे सापडेल ते, फोल्डर आणि फायली वेगवेगळ्या घेऊन, पूर्ववत करावे. त्या यादीत सिम्बॉलिक लिंक, म्हणजे दुसऱ्या फायलीकडे नेणाऱ्या नोंदी, नेहमीच ७७७ दिसतात. त्यांना हात लावण्याची गरज नसते, कारण तेथे लिंक ज्या फायलीकडे नेते तिचीच परवानगी लागू होते.