सेव्हरी लावायची तर आता, तीही वाफ्या-दोन वाफ्यांपुरतीच

ऑक्टोबरची धग उतरून रात्री गार पडू लागल्या की सेव्हरीचे बी टाका. तुळशीच्याच कुळातले हे भूमध्य समुद्राकडचे सुगंधी झुडूप. जर्मनीत घेवड्याच्या शेंगा शिजवताना त्याची काडी हमखास पडते. पान बोटांत चुरगळले तर ओव्याच्या जवळचा झणझणीत वास येतो; तो पानांतल्या कार्वाक्रॉल आणि थायमॉल या सुगंधी द्रव्यांचा.

सेव्हरी दोन प्रकारची, ‘उन्हाळी’ आणि ‘हिवाळी’. यातली ‘उन्हाळी’ सेव्हरी एका हंगामाची. मात्र हा उन्हाळा युरोपातला. आपल्याकडे ती रब्बीतच घ्यावी, मार्चच्या उन्हात ती लवकर फुलावर येते आणि काड्या निबर होतात.

बी ताजेच घ्या, जुन्याची उगवण फार घटते. ट्रेमध्ये ओलसर कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याच्या भुशावर) बी पसरून तळहाताने हलके दाबा, वरून माती घालू नका. उगवायला उजेड लागतो. झारीच्या धारेने बी वाहून जाते, म्हणून पाणी बारीक फवाऱ्यानेच द्यावे. दहा-पंधरा दिवसांत कोंब दिसतात.

रोपे बोटभर झाली की गादीवाफ्यावर 25 सेंमी अंतराने लावा. भारी काळ्या रानात वाफा उंच हवा, पाणी साचले की मुळे कुजलीच म्हणून समजा. ठिबक असेल तर उत्तम. कुजलेले शेणखत पुरेसे आहे. पाला वाढावा म्हणून युरिया देण्याचा मोह होतो, पण पाला माजतो आणि वास उतरतो. मग गिऱ्हाईक कशाचे पैसे देणार? पाने कच्चीही खाल्ली जातात, तेव्हा मावा दिसला तरी रासायनिक फवारणी टाळा, निंबोळी अर्कावर भागवा.

पेरणीपासून साधारण दोन महिन्यांनी कळ्या डोकावू लागतात. वास तेव्हाच सर्वांत तेज असतो. फुले उमलण्याआधी, सकाळी दव सुकल्यावर, बुडाशी चार बोटे ठेवून कापा. पुन्हा फुटवा येतो. ताजी जुडी हॉटेलवाल्यांशी आधी बोलणे झाले असेल तरच जाते, मंडईत तिला कोणी विचारत नाही. उरलेला माल सावलीत उलटा टांगून वाळवा.

‘हिवाळी’ सेव्हरी बहुवर्षायू असते, पण आपला पावसाळा तिला सोसत नाही. हौस असेल तर कोवळ्या शेंड्यांची कलमे वाळू मिसळलेल्या मातीत कुंडीत लावा आणि जूनपासून कुंड्या छपराखाली हलवा.