सेसना १७२ उतरवताना पुढचं चाक का मोडतं, आणि ते कसं टाळायचं

सेसना १७२एस हे छोटं विमान जमिनीला टेकताना पहिला भार मागच्या दोन चाकांनी घ्यायचा असतो. हा क्रम उलटला की पुढच्या चाकाचा धक्का इंजिनामागच्या फायरवॉलपर्यंत पोचतो. ती चुरगळते, प्रॉपेलर धावपट्टीला घासतो आणि मग इंजिन उघडून तपासल्याशिवाय सुटका नसते.

मूळ चूक बहुधा त्याआधीच झालेली असते: जास्त वेग. फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या खाली झुकणाऱ्या पट्ट्या) पूर्ण ३० अंश लावून ६० ते ७० नॉटने (नॉट हे विमानाच्या वेगाचं एकक) उतरायचं असतं, आखूड धावपट्टीवर ६१ने. ६०च्या जागी ७० नॉट ठेवले तरी ऊर्जा जवळपास ३६ टक्क्यांनी वाढते. मग फ्लेअर केल्यावर, म्हणजे टेकण्याआधी नाक वर उचलल्यावर, विमान जमिनीलगत तरंगत राहतं, धावपट्टी संपत येते आणि अधीर झालेला वैमानिक योक (नाक वर-खाली करणारं हँडल) पुढे ढकलतो. पुढचं चाक आपटून विमान उसळतं. तो पुन्हा नाक दाबतो, पण हा दाब उशिरा पडतो आणि पुढची उसळी आणखी मोठी होते. असं दोन-तीनदा झालं की चाक गेलंच.

म्हणून जमिनीवर विमान ‘बसवू’ नका. थ्रॉटल बंद करा, नजर धावपट्टीच्या दूरच्या टोकावर ठेवा आणि वेग उतरेल तसा योक मागे घेत राहा. स्टॉलचा, म्हणजे पंखांची उचल संपत आल्याचा, भोंगा टेकण्याच्या सुमारास वाजला तर उत्तमच.

उसळी छोटी असेल तर नाक आहे तिथेच धरा आणि थोडी पॉवर देऊन विमान अलगद बसू द्या. मोठी असेल किंवा दुसरी असेल, तर गो-अराउंड, म्हणजे न उतरता पुन्हा वर चढणं. थ्रॉटल पूर्ण, उजवा रडर (शेपटीवरचं सुकाणू, पायाने चालतं), फ्लॅप लगेच २० अंशांवर, वेग ६० नॉट. मग फ्लॅप १० अंशांवर. अडथळे मागे पडून सुरक्षित उंची आणि ६५ नॉट मिळाल्यावरच शून्य. ट्रिम (योकवरचा जोर हलका करणारी जुळणी) उतरण्यासाठी लावलेला असल्याने पूर्ण पॉवर देताच नाक जोरात वर जातं. तिथे मात्र योक घट्ट पुढे दाबावाच लागतो.

आडव्या वाऱ्यात वाऱ्याकडचा पंख खाली ठेवून त्याच बाजूचं चाक आधी टेकवा, आणि टेकल्यावरही एलेरॉन (पंखांवरचे, विमान कलवणारे भाग) सोडू नका. मागून वारा असेल तर दर २ नॉटला उतरण्याचं अंतर १० टक्क्यांनी वाढतं. शक्यतो दुसऱ्या टोकाने उतरा.

जोरात आपटलेलं विमान धड दिसलं तरी पुन्हा उडवू नका. आधी मेकॅनिककडून फायरवॉलवरच्या सुरकुत्या, पुढचा स्ट्रट (चाकाचा दांडा) आणि प्रॉपेलरची टोकं तपासून घ्या.