स्कॉटलंडचे जुने कोर्टाचे अर्ज वाचताना एवढं बघा

एडिनबरोच्या कोर्ट ऑफ सेशनमध्ये (स्कॉटलंडचं सर्वोच्च दिवाणी कोर्ट) १८व्या शतकात वाद बराचसा लेखीच चालायचा, म्हणजे अर्ज, त्याला समोरच्याचं उत्तर, सगळं छापून जजना द्यायचे, त्यामुळे नुसता अर्ज वाचून मत बनवू नका, उत्तर शोधाच, वकील आपल्याच अशिलाची बाजू रंगवणार ना! जोसेफ नाइट या गुलाम माणसाची गुलामगिरीविरुद्धची केस (निकाल १७७८) घेतली तरी मालक वेडरबर्नचे कागद सोबत वाचायलाच हवेत. छापील प्रती अ‍ॅडव्होकेट्स लायब्ररी, सिग्नेट लायब्ररी या एडिनबरोतल्या वकिलांच्या ग्रंथालयांत आहेत, एकाच अर्जाच्या दोन प्रती मिळाल्या तर दोन्ही बघा, कारण मार्जिनमध्ये हाताने लिहिलेले शेरे वेगळे असू शकतात, खरी मजा तिथेच. आणि हो, बायकांची नावं माहेरच्या आडनावाने पण शोधा.