ऑक्टोबरात यॉर्कटाउन-विल्यम्सबर्गला निघण्याआधी

19 ऑक्टोबरच्या आगेमागे व्हर्जिनियात यॉर्कटाउनला जायचं ठरवलं असेल, तर पहिली तयारी तिकिटांची. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात, 1781 साली याच तारखेला इंग्रज सेनापती लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या फौजेनं इथं शस्त्रं खाली ठेवली. त्यामुळे दरवर्षी त्या सुमाराला मिरवणूक, सैनिकी छावण्या, तोफा-बंदुकांची प्रात्यक्षिकं असं सगळं असतं. पण हे एकच ठिकाण समजून गेलात तर फसाल. रणभूमी राष्ट्रीय उद्यानांच्या खात्याची, क्रांतीचं संग्रहालय राज्याचं आणि वीसेक किलोमीटरवरचं कलोनियल विल्यम्सबर्ग, म्हणजे अठराव्या शतकासारखं राखलेलं जुनं गाव, एका खासगी प्रतिष्ठानचं. तिकिटं तिन्हींची वेगळी. उद्यानांचा वार्षिक पास फक्त रणभूमीवर चालतो. विल्यम्सबर्गचा मुख्य रस्ता फुकट फिरता येतो, कारागिरांच्या दुकानांत शिरायला मात्र तिकीट लागतं. खरी मजा आतच आहे, तेव्हा तिथं हात आखडता घेऊ नका. एका दिवसात सगळं उरकायचा अट्टाहासही नको. एक रात्र मुक्काम धरूनच चाला. आम्ही पहिल्या वर्षी वॉशिंग्टनकडून सावकाश नाश्ता करून निघालो आणि आय-95 महामार्गावर इतके अडकलो, की पोचेपर्यंत मिरवणूक आटोपली होती.

बूट जुने आणि पायात मुरलेले घाला. विटांच्या पायवाटा, खडी, मध्येच घोड्यांची लीद. बाबागाडी असेल तर मोठ्या चाकांची. सकाळी स्वेटर लागतो, दुपारी तोच कमरेला बांधावा लागतो. गवतात बसणार असाल तर पायमोजे वर ओढा, इथं गोचिडी असतात. डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लोणचं घ्या, कारण जुन्या धाटणीच्या खानावळींत शाकाहारी माणसाची फार चंगळ नसते.

कानांची काळजी आठवणीनं घ्या. ठासणीची बंदूक म्हणजे दिवाळीचा फटाका नव्हे, आणि तोफ तर छातीत जाणवते. लहान मुलांसाठी कान झाकणारे जाड हेडफोन घ्या, मोठ्यांनी कानात घालायचे इअरप्लग घ्या, नुसत्या कापसाच्या बोळ्यांवर भागवू नका. मुलांना क्रम आधी सांगून ठेवला की ती घाबरत नाहीत: सैनिक कागदी काडतूस दातांनी फाडतो, त्यातली थोडी दारू रंजक म्हणून बंदुकीच्या कानाशी, म्हणजे ठिणगी पडते तिथं, टाकतो, उरलेली दारू नळीत ओततो, गजानं ठासतो, चाप ओढतो, चकमक झडते. प्रात्यक्षिकात गोळी नसते. हवा दमट असली, की कधीकधी रंजक नुसतं फुरफुरतं आणि बार होतच नाही. ‘फुसका बार’ म्हणजे काय, हे आमच्या मुलीला तिथं कळलं.

कारागिरांकडे जाताना मात्र बॅगेपेक्षा प्रश्न जास्त न्या. ही मंडळी नाटकातली पात्रं नाहीत. लोहार, पिंपं बांधणारे, केसांचे टोप करणारे, मोची, चांदीकाम करणारे असे कित्येक वर्षं उमेदवारी करून तयार झालेले लोक आहेत. तुम्ही गप्प उभे राहिलात तर तेही गप्प काम करत राहतील. पिंपवाल्याला विचारा, डिंक-सरस न लावता फळ्यांमधून पाणी का गळत नाही. छापखान्यात अक्षरं उलटी जुळवायला किती सराव लागतो ते विचारा. आजीआजोबा सोबत असतील तर त्यांना इथं पुढं करा: आपल्याकडच्या छापखान्यांतही या अक्षरांना खिळेच म्हणत, आणि चार घरं पलीकडे लोहार खरे खिळे ठोकत असतो! कपड्यांच्या दुकानात हिंदुस्थानी चिटाच्या कापडाबद्दल जरूर विचारा. अठराव्या शतकात ते इथवर पोचत होतं. सगळी दुकानं रोज उघडी नसतात, म्हणून आदल्या रात्री वेळापत्रक पाहा आणि आपली तीन-चार ठरवून ठेवा.

वेशातली काही माणसं मात्र भूमिकेतच बोलतात. त्यांच्याशी 1781 नंतरचं बोलायला गेलात तर ती कानावर हात ठेवतील. मुलांना ही रीत आधी सांगा. त्याहून अवघड गोष्टही आधीच सांगायला हवी. त्या काळच्या विल्यम्सबर्गमध्ये निम्म्याहून अधिक वस्ती कृष्णवर्णीयांची होती आणि त्यातले बहुतेक गुलाम होते. जेम्स नावाचा असाच एक गुलाम कॉर्नवॉलिसच्या गोटात राहून अमेरिकनांसाठी हेरगिरी करत होता. त्याला स्वातंत्र्य मिळालं 1787 मध्ये, युद्ध संपून चार वर्षं झाल्यावर. ‘का?’ हे मुलं विचारणारच. उत्तर घरून शोधून न्या.

जाताना गाडीत सांगायला एक गोष्ट आपल्याकडचीही आहे. त्याच 1781 च्या एप्रिलात इंग्रज सेनापती गॉडर्ड बोरघाटातून पनवेलकडे माघार घेत होता आणि पेशव्यांचे सरदार हरिपंत फडके, परशुरामभाऊ पटवर्धन त्याच्या पिच्छावर होते. पाच वर्षांनी, 1786 मध्ये, यॉर्कटाउनला हरलेला कॉर्नवॉलिस गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला आणि टिपूविरुद्धच्या मोहिमेत हेच हरिपंत आणि परशुरामभाऊ त्याचे दोस्त म्हणून उतरले. एवढं सांगितलंत, तर शरणागतीचं मैदान मुलांना नुसतं गवत वाटणार नाही. त्या दिवशी कॉर्नवॉलिस स्वतः आलाच नाही, आजारपणाचं कारण सांगून त्यानं ओहारा नावाच्या अधिकाऱ्याला पाठवलं. आमच्या मुलीनं लगेच विचारलं, ‘खरंच ताप होता की गृहपाठ झाला नव्हता?’

मैदान शेवटी, संध्याकाळकडे पाहा. गर्दी पांगलेली असते. परतीला विल्यम्सबर्गकडे कलोनियल पार्कवे हा रस्ता घेणार असाल तर पेट्रोल आधीच भरा, वाटेत पंप नाही. दिवेही नाहीत आणि अंधार पडला की हरणं एकदम रस्त्यात येतात.