बांबूचे ब्लाइंड्स घेताय? आधी या चुका टाळा

एप्रिल-मेमध्ये पश्चिमेची खिडकी तापायला लागली की सगळ्यांना बांबूचे ब्लाइंड्स आठवतात, आणि मग घाईघाईत ऑनलाइन फोटो बघून ऑर्डर जाते. दिसायला भारी, प्लॅस्टिक नाही, शेवटी मातीत जाणारी वस्तू, सगळं खरंय. पण दोन पावसाळ्यांत काळा पडून कचऱ्यात गेला तर तो पडदा कसला इको-फ्रेंडली?

सगळ्यात जास्त रडारड असते ती पिठाची. खिडकीखाली रोज बारीक पिवळसर पीठ पडलेलं दिसतं आणि लोक म्हणतात वाळवी लागली. वाळवी नाही हो ती. हा बांबू पोखरणारा बारका भुंगा, त्याला बांबूतलं स्टार्च पाहिजे असतं, आणि कोवळ्या किंवा चुकीच्या हंगामात तोडलेल्या बांबूत ते भरपूर असतं. म्हणून तर जुनी माणसं पावसाळा सरल्यावर, थंडीत, तीन-चार वर्षांचा पक्का झालेलाच बांबू तोडतात. बरेच जण अमावास्या पण बघतात, ते ज्याचं त्यानं ठरवावं, हंगामाचं मात्र शंभर टक्के खरं. दुकानदाराला सरळ विचारा, बांबूला ट्रीटमेंट केलीय का? आपल्याकडे बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडच्या पाण्यात भिजवायची पद्धत आहे, ती चांगली आहे, पण हे द्रव्य पावसाच्या पाण्याने धुऊन जातं, म्हणजे घरात किंवा छज्जाखाली ठीक, उघड्यावर भिजणाऱ्या ब्लाइंडला त्याचा भरवसा नाही. आणि पीठ पडायला लागल्यावर वरून व्हार्निश मारून काही होत नाही, किडा आतच असतो. एक-दोन काड्यांनाच भोकं असतील तर त्या काढून टाका, सगळ्याच पोखरल्या असतील तर ब्लाइंड लगेच घराबाहेर काढा, नाहीतर वेताची खुर्ची नि टोपल्या पण जातील.

घेताना काडी वाकवून बघा. बांबूच्या पाठीकडची, म्हणजे सालीकडची काडी गुळगुळीत आणि चिवट असते, पोटाकडची मऊ, धागे सुटणारी. स्वस्तातल्या मालात पोटाकडचाच भाग जास्त असतो. आणि हो, काही ठिकाणी चक्क पीव्हीसीच्या पट्ट्या बांबू म्हणून खपवतात, सगळी पेरं एकाच अंतरावर एकसारखी दिसली की समजून जा.

आता खरा प्रश्न, लावायचा कुठे, काचेच्या आत की बाहेर? बहुतेक जण आत लावतात आणि मग म्हणतात खोली थंड होत नाही. अहो, ऊन काचेतून आत आलं की उष्णता घरात शिरलीच ना, ब्लाइंड स्वतः तापतो आणि तीच उष्णता खोलीत सोडतो. बाहेर लावलात तर ऊन काचेपर्यंत पोचायच्या आधीच अडतं, फरक हाताला जाणवतो. पण बाहेर म्हणजे पाऊस. मुंबई-कोकणात उघड्या पश्चिमेच्या भिंतीवर जूनमध्ये ब्लाइंड ठेवणं म्हणजे बुरशीची शेती. त्यामुळे बाहेरचा ब्लाइंड कायमचा ठोकूच नका, हुकावर अडकवा, मे संपता संपता उतरवा, उन्हात कडक वाळवा, आणि ऑक्टोबरमध्ये परत लावा. बाहेर लावायच्या आधी सोसायटीला विचारून घ्या, नाहीतर नोटीस येते.

ओला ब्लाइंड गुंडाळून वर बांधायचा नाही, ही चूक तर घरोघरी होते. पाऊस थांबला की लोक पटकन गुंडाळतात, आत ओल राहते आणि काळे ठिपके पडतात. ठिपके वरवरचे असतील तर घराबाहेर नेऊन, तोंडाला मास्क लावून कोरड्या ब्रशने झाडा, मग किंचित ओल्या फडक्याने पुसा आणि उन्हात पूर्ण वाळू द्या. नळाखाली धरून धुऊ नका, काड्या वाकतात.

मापाचं थोडक्यात सांगतो. चौकटीच्या आत बसवायचा असेल तर रुंदी वर, मध्ये, खाली अशी तीन ठिकाणी मोजा, सगळ्यात कमी माप धरा आणि त्यातूनही दोन्हीकडून पाव-पाव इंच सोडा, म्हणजे काड्या चौकटीला घासणार नाहीत. चौकटीच्या बाहेरून लावायचा असेल तर दोन्ही बाजूंना तीन-चार इंच जास्त. गुंडाळल्यावर वर केवढा जाडजूड रोल होतो ते मात्र कोणी विचारतच नाही, आणि मग आत उघडणारं दार त्याला आपटतं.

दिवसा आतून बाहेरचं दिसतं, बाहेरून आतलं नाही, म्हणून लोक खूश होतात. रात्री दिवा लावला की उलटं होतं, समोरच्या बिल्डिंगला तुमचं सगळं दिसतं! बेडरूमला मागून कापडाचं अस्तर लावून घ्या, पॉलिस्टरपेक्षा जाड सुती बरं.

विणीच्या दोऱ्याबद्दल मात्र माझं मत थोडं वेगळं आहे. सगळं नैसर्गिक पाहिजे म्हणून सुती दोरा मागाल तर ओलीत तो कुजतो आणि काड्या गळायला लागतात, बाहेरच्या ब्लाइंडला नायलॉनच घ्या, ब्लाइंड टिकला तर तेवढं प्लॅस्टिक परवडलं. ब्लाइंड तिरका वर जात असेल तर आधी वर ओढणाऱ्या दोन्ही दोऱ्यांची लांबी तपासा, बहुतेकदा एक गाठ सरकलेली असते. घरात लहान मूल असेल तर ओढायची दोरी लोंबती ठेवू नका, गळ्यात अडकू शकते, भिंतीला उंचावर खुंटी मारून तिला गुंडाळा.

आणि दोरी तुटली, दोन काड्या मोडल्या म्हणून ब्लाइंड फेकायची घाई नको. पुण्याच्या बुरूड आळीत किंवा तुमच्या गावात कोणी बुरूड काम करत असेल तर तिथे नेऊन विचारा, आणि जाताना मोडलेली काडी सोबत न्या, म्हणजे त्याच जाडीची मागता येईल.