हिवतापाची ऑनलाइन नोंद : या चुका टाळा

गडचिरोलीसारख्या जंगलव्याप्त जिल्ह्यात आशाताईंनी गावात भरलेला एम-1 हा तापाच्या रुग्णांच्या नोंदीचा तक्ता प्राथमिक आरोग्य केंद्रात संगणकावर चढतो आणि फवारणीचे पथक कोणत्या गावी जाणार, हे त्या नोंदींवरून ठरते. म्हणून रक्तनमुना घेतल्याच्या तारखेऐवजी नोंद करण्याच्या दिवसाची तारीख टाकणे, ही चूक मला सर्वांत गंभीर वाटते.

एका पावसाळ्यात आमच्या भागातील एका केंद्रात जवळपास तीन आठवडे नेटवर्क नव्हते. ते परत आल्यावर नवख्या ऑपरेटरने साचलेले सगळे कागद एका दुपारी उरकले. तारीख त्या दिवसाची टाकली आणि यादीत टोला, म्हणजे गावाबाहेरची छोटी वस्ती, शोधायला वेळ लागतो म्हणून गाव केंद्राचेच निवडले. पडद्यावर एकाच गावात फॅल्सिपॅरम या हिवतापाच्या घातक प्रकाराचा उद्रेक दिसला आणि पथक तिथे गेले. आम्ही मूळ कागद काढून पाहिले, तेव्हा बहुतेक रुग्ण नाल्यापलीकडच्या एका टोल्यातले निघाले आणि पहिला नमुना अठरा दिवसांपूर्वीचा होता. उष्ण हवेत डासाच्या शरीरातला हा जंतू सुमारे दोन आठवड्यांत पुढच्या माणसाला बाधा करण्याजोगा होतो, आणि तो सगळा काळ त्या टोल्यात ना फवारणी झाली, ना घरोघर ताप सर्वेक्षण.

तेव्हापासून मी कागद आधी नमुन्याच्या तारखेप्रमाणे लावतो आणि मगच संगणक उघडतो. टोला यादीत सापडला नाही, तर जवळचे गाव न निवडता आशाताईंना फोन करतो. यात अर्धा तास जातो, पण ज्याला तो जड वाटतो, त्याच्या हाती हे काम देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

फक्त बाधितांची नोंद करून तापाचे बाकी रुग्ण गाळू नका, कारण तपासण्या किती झाल्या हे कळल्याशिवाय दर हजार लोकसंख्येमागचे रुग्णप्रमाण कमी झाले, की तपासणीच कमी झाली, हे सांगता येत नाही. रुग्ण नसेल तर रकाना रिकामा न ठेवता शून्य लिहा. एकाच रुग्णाची आरडीटी (जागेवरच होणारी झटपट रक्ततपासणी) आणि काचपट्टी (सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचा रक्ताचा थेंब) अशा दोन वेगळ्या नोंदी करू नका.

व्हायवॅक्स या हिवतापाच्या दुसऱ्या प्रकाराच्या रुग्णापुढे पहिल्याच दिवशी ‘उपचार पूर्ण’ अशी खूण करणारेही पुष्कळ आहेत. त्यावरचे प्रायमाक्विन हे औषध 14 दिवस घ्यायचे असते आणि ते अर्धवट सुटले, तर यकृतात दडलेला जंतू पुन्हा ताप आणू शकतो. त्यामुळे पंधराव्या दिवशी आशाताईंनी रिकामे पाकीट पाहिल्याचे सांगितल्यावरच मी ती खूण करतो.